सत्तावीस प्रश्नांचा फॉर्म

आम्ही पाच माणसं आणि एक रेडकू एका खोलीत राहायचो. खोली नल्लकुंट्यात, म्हशींच्या गोठ्याला लागून. माझे वडील देगलूरकडून हैदराबादला आले ते त्या गोठ्यात धारा काढायला. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. शेण काढायचं, म्हशी धुवायच्या, धारा काढायच्या आणि कॅन सायकलला अडकवून घरोघर दूध पोचवायचं. आई गोवऱ्या थापून विकायची. पावसाळ्यात गोवऱ्या वाळत नाहीत. ते चार महिने आमच्या घरी भात कमी आणि पेज जास्त असायची.

रेडकू आमचं नव्हतं. गोठ्याचा मालक नर पिल्लाला दूध पिऊ देत नसे, कारण दूध विकायचं असतं आणि रेड्याला गिऱ्हाईक नसतं. त्याला मारावं लागत नाही. बांधून ठेवलं की आठ-दहा दिवसांत आपोआप मरतं. आई त्यातलं एखादं उचलून खोलीत आणायची आणि पेज, थोडं ताक, जे असेल ते बाटलीनं पाजायची. जगलं तर मालकाचं, मेलं तर तिचं. जास्त मेलीच. दोन जगली.

शाळेत माझं नाव घालायला दादा गेले तेव्हा फॉर्म क्लार्कनं भरला. वडिलांचं शिक्षण: निल. आईचं शिक्षण: निल. घर स्वतःचं की भाड्याचं, या प्रश्नापुढे त्यानं नुसती आडवी रेघ ओढली. परत येताना दादांनी विचारलं, "ती रेघ कसली गं?" मला तरी काय माहीत.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. व्हेटर्नरी कॉलेजची डिग्री, गुरांची डॉक्टर. डिग्री हातात आली त्या दिवशी दादांनी गोठ्यात पेढे वाटले. हे मी मिरवायला सांगतेय. मिरवण्यासारखंच आहे.

आता कामाची गोष्ट.

कुकटपल्लीच्या मागच्या बाजूला, कारखान्यांच्या शेड संपतात तिथे, एका ट्रस्टचं जनावरांचं शेल्टर आहे. मी तिथे सहा वर्षं पूर्ण वेळ डॉक्टर आहे. उन्हाळ्यातल्या एका सोमवारी सकाळी सेक्रेटरीसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं आणि टेबलावर सहा छापील कागद मांडले. साहेब बँकेतून रिटायर झालेले, कपडे नेहमी पांढरेशुभ्र. बोलणं अर्धं तेलुगू, अर्धं इंग्लिश. इथे मी ते मराठीत लिहिते.

"डॉक्टर, इथे सही करा."

मी कागद वाचले. प्रत्येकावर एका जनावराचं नाव होतं. खाली ओळ छापलेली: सदर प्राणी असाध्य आजारानं ग्रस्त असून त्यास वेदनामुक्त मरण देणे योग्य आहे. त्याखाली माझ्या सहीची जागा.

"या सहांतल्या कुणालाच असाध्य आजार नाही," मी म्हटलं.

"म्हातारे आहेत."

"म्हातारपण आजार नाही, सर. तुम्ही-मी पण त्याच रांगेत आहोत."

साहेब हसले नाहीत. त्यांनी समजावलं. शेल्टरची मागची ओळ, म्हणजे सहा पिंजरे, ज्या जागेवर होती ती जागा मूळ मालक परत मागत होता. पुढची बाजू भरलेली. मागच्या ओळीतल्या या सहांना दत्तक घ्यायला दोन-दोन वर्षांत कोणी आलेलं नाही. मग ठेवायचं कुठे?

इथे थोडं सांगावं लागेल. रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी केली की आम्ही त्याला त्याच्याच गल्लीत परत सोडतो. तसाच नियम आहे आणि तेच बरोबर आहे. पण ही सहा जनावरं घरात वाढलेली. कुणाचा मालक अमेरिकेला गेला, कुणाच्या मालकिणीला बाळ झालं, कुणाला फाटकाला बांधून मालक निघून गेला. त्यांना गल्लीच नाही. रस्त्यावर सोडली तर तिथली कुत्री त्यांना दोन दिवस ठेवणार नाहीत. आणि कायदा असा की धडधाकट जनावराला मारता येत नाही. असाध्य आजार किंवा जीवघेणी जखम असेल, आणि तसं डॉक्टरनं तपासून लिहून दिलं असेल, तरच. म्हणून ती सही लागत होती.

"मी करणार नाही," मी म्हटलं.

"शनिवारी पाचपर्यंत यांना घरं मिळवा. मिळाली तर छानच. नाहीतर जे उरतील त्यांच्यासाठी मी सही करणारा डॉक्टर आणतो. तुम्ही एकट्याच डॉक्टर आहात का हैदराबादेत?"

मी कागद तिथेच ठेवले आणि बाहेर आले. त्या सहीसाठी माझ्या बापानं सतरा वर्षं सायकलवर कॅन वाहिले होते, आणि हा माणूस ती रबरी शिक्क्यासारखी मागत होता.

मागच्या ओळीत सगळ्यात आधी टायगर, अकरा वर्षांचा लॅब्रॅडॉर, कोणीही आलं की शेपटी आपटत उठणारा. मग ब्रूनो, जर्मन शेपर्ड, कमरेचे सांधे गेलेले, पण चालतो. राणी नावाची पग, एका डोळ्यानं अंध. मोती, गावठी, तीन पायांचा. लैला, पर्शियन मांजर, तोंडावर कायम राग. आणि चिंटू, पांढरा पोमेरियन, नऊ वर्षांचा, चावरा. चिंटूला खरूज होती. पंधरा दिवसांपूर्वीच मी त्याची त्वचा खरवडून काचेवर घेतली होती आणि मायक्रोस्कोपखाली बघितली होती. किडे होते, म्हणजे औषधाला दाद देणारी खरूज. गोळ्या सुरू होत्या आणि केस परत येत होते.

दत्तक घेणारं माणूस पाच दिवसांत मिळत नाही, म्हाताऱ्या जनावराला तर नाहीच. एकच रस्ता होता, फॉस्टर. फॉस्टर म्हणजे घर कायमचं नाही. जनावराचं नाव शेल्टरच्याच वहीत राहतं, औषधपाणी शेल्टरचं, फक्त अंथरूण त्या घरचं. कायमचं घर मिळेपर्यंत, किंवा म्हाताऱ्यांच्या बाबतीत जेवढे दिवस आहेत तेवढे.

फॉस्टरचं काम केतकी बघते. केतकी आयटी कंपनीत आहे आणि आमच्याकडे व्हॉलंटियर. तिच्या पणजोबांच्या वेळेपासून घराणं हैदराबादेत, सरकारी नोकऱ्या, वकिली. मराठी झकास बोलते, वाचताना अडखळते. तेव्हा हे ती वाचेल अशी भीती मला नाही.

"केतकी, फॉस्टरला चाळीस अर्ज आले होते म्हणालीस. कुठायत?"

"ताई, त्यातले सात बॅक आउट झाले. दोन घरांत ऑलरेडी आपले डॉग्ज आहेत. बाकी थर्टी वन रिजेक्ट."

"एकतीस रिजेक्ट? का?"

"फॉर्ममध्ये बसत नव्हते ना."

"एकतीस माणसं स्वतःहून म्हणाली आम्ही जनावर सांभाळतो, आणि आपण नको म्हटलं?"

"मी कुठं म्हटलं? फॉर्म म्हणाला." मग खाली मान घालून, "आणि ताई, फॉर्म तुम्हीच बनवलाय. मी फक्त टिक्स बघते."

हे खरं होतं.

चार वर्षांपूर्वी एका कुटुंबानं आमचा एक कुत्रा फॉस्टरला नेला आणि ऐन मे महिन्यात गच्चीवर बांधला. तो गेला. मला इतका राग आला होता की मी एका बैठकीत फॉर्म तयार केला. सत्तावीस प्रश्न, अस्सल इंग्लिशमध्ये. शिक्षण काय. घर स्वतःचं की भाड्याचं. भाड्याचं असेल तर घरमालकाची ना-हरकत चिठ्ठी जोडा. कितवा मजला. लग्न झालंय का. प्राणी पाळण्याचा पूर्वानुभव. ट्रस्टच्या कमिटीनं वाचला आणि साहेब म्हणाले, "एक्सलंट ड्राफ्टिंग." मला केवढी धन्यता वाटली होती. गच्चीवर कुत्रा बांधणारा तो माणूस एमबीए होता आणि घर त्याचं स्वतःचं, दुमजली, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही. त्याच्यासारख्या माणसाला रोखायला मी असा फॉर्म केला, ज्यात तोच सगळ्यात आधी पास झाला असता.

आणि माझी आई नापास झाली असती. शिक्षण: निल. घर: रेघ. त्या शाळेतल्या क्लार्कनं निदान आम्हाला आत तरी घेतलं होतं.

केतकीच्या लॅपटॉपवर आम्ही दोघी एकतीस अर्ज उघडत गेलो. एका बाईनं पूर्वानुभवाच्या रकान्यात हिंदीत लिहिलं होतं: बकरियाँ, बीस साल. दो तोते. एक अंधी बिल्ली. त्यापुढे आमच्या टीमचा शेरा: नो रेलेव्हंट एक्स्पिरियन्स.

"हा शेरा कोणी मारला?"

"मी," केतकी म्हणाली. "गोट्स काऊंट होत नाहीत वाटलं."

मी पुढचा अर्ज उघडला. बोलले असते तर वाईट बोलले असते.

अर्ज तेवीस उघडला आणि मी स्क्रीन जवळ ओढली. नाव यादय्या. पत्ता शेल्टरच्या मागची वस्ती. शिक्षण दुसरी. मोतीसाठी अर्ज. शेरा: नॉट एलिजिबल. यादय्या म्हणजे आमचा केनेलवाला. अकरा वर्षं शेल्टरच्या प्रत्येक कुत्र्याला तोच जेवण घालतो, तोच धुतो. मोतीचा पाय मी कापला तेव्हा त्याचं डोकं मांडीवर धरून बसलेला तोच. मी बाहेर गेले. तो बादल्या घासत होता.

"यादय्या, तू मोतीसाठी अर्ज दिला होतास?"

"हौ, डॉक्टरम्मा. पिछले साल."

"मला बोलला का नाहीस?"

"बोलके क्या करना? कागज बोला नक्को." आणि पुन्हा बादली घासायला लागला.

मोती त्याच दिवशी दुपारी त्याच्या घरी गेला, मागच्या फाटकानं, शंभर पावलांवर. फॉर्म नाही, चिठ्ठी नाही. यादय्याची बायको दारातच म्हणाली, "एक साल से इसका बर्तन खरीद के रखे, मॅडम."

मंगळवारी मी बकरीवाल्या बाईंना फोन लावला. शाहीन आपा, कुकटपल्लीतच शिवणकाम करतात, नवरा वारलेला, भाड्याच्या दोन खोल्या.

"तब तो नक्को बोले थे," त्या म्हणाल्या. "अब कैकू याद आई?"

"आमची चूक झाली, आपा."

"क्या चूक? साफ बोलो ना. हमारे घर में क्या कमी दिखी आपकू?"

मी साफ सांगितलं. घर भाड्याचं, शिक्षण कमी, बकऱ्या धरल्या नाहीत. पलीकडे शिलाई मशीन थांबलं. मग म्हणाल्या, "घर आके बोलो. फोन पे माफी नहीं लेती मैं."

गेले. मला खुर्ची दिली, स्वतः मशीनवर बसल्या आणि उलट माझीच तपासणी सुरू केली. कुत्रा आजारी पडला तर फोन कोण उचलणार? रविवारी पण? औषध तुम्ही आणून देणार की मी शेल्टरपर्यंत चालत यायचं? आणि माझा त्याच्यावर जीव जडला की सहा महिन्यांनी एखादी गाडी येऊन त्याला घेऊन जाणार, तेव्हा मला आधी सांगणार का? मी प्रत्येकाला उत्तर देत होते. त्यांनी मापाच्या वहीतला एक कागद फाडला आणि माझ्यापुढे टाकला.

"लिख के दो."

सहा वर्षांत एकाही फॉस्टर घरानं आमच्याकडून काही लिहून घेतलं नव्हतं. लिहून घ्यायचं ते आम्हीच, असं आम्ही धरून चाललो होतो. मी लिहून दिलं आणि खाली सही केली. आपांनी कागद घडी करून मशीनच्या खणात ठेवला. "पढे-लिखे लोगां से लिख के लेना पड़ता," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या. बुधवारी टायगर गेला. तिथे पोचला तो थेट मशीनखाली जाऊन आडवा झाला, जणू जागा कोणी दाखवून ठेवली होती.

राणी आणि लैला गुरुवारपर्यंत गेल्या. राणी एका फूलवाल्या जोडप्याकडे, लैला केतकीच्या स्वतःच्या घरी. केतकीनं वडिलांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

ब्रूनोसाठी सिकंदराबादचे नरसिंगराव. रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड, तळमजल्यावर एकटे राहणारे. फॉर्मवर शेरा: एकटे, वय जास्त. मी फोनवर अदबीनं विचारलं की एकट्यानं जमेल का.

"अम्मा, मी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा बसून नोकरी केली," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं. तुमचा कुत्रा माझ्यापेक्षा एकटा आहे का?"

ब्रूनोला शनिवारी दुपारी पोचवायचं ठरलं, कारण त्याला नेण्यासारखी गाडी आम्हाला त्याच दिवशी मिळत होती.

राहिला चिंटू.

चिंटूसाठी एक घर होतं, तेही नल्लकुंट्यातच. तीन नर्सेस एकत्र राहणाऱ्या. तिघींच्या ड्युट्या वेगवेगळ्या, म्हणजे घरी कायम एक तरी माणूस. चावऱ्या, औषध चालू असलेल्या कुत्र्याला याहून चांगलं घर कुठलं? आमच्या फॉर्मनं त्यांना दोनदा नाकारलं होतं: अविवाहित, भाडेकरू. गुरुवारी सकाळी त्यांच्यातली सुजाता सिस्टर स्वतः शेल्टरला आली. चिंटू तिच्यावर गुरगुरला. ती खाली बसली, हात पुढे केला नाही, नुसती बसून राहिली. पाच मिनिटांनी तो जवळ आला.

"मॅडम, आजच घेऊन जाते मी," ती म्हणाली. "आज ऑफ आहे."

इथे मी काय केलं ते मला लिहायचंच आहे.

मी म्हटलं, "घरमालकाची चिठ्ठी तेवढी आण."

चिठ्ठीची गरज नव्हती. यादय्याच्या वेळी मी मागितली नाही, आपांच्या वेळी नाही. पण बुधवारी संध्याकाळी साहेबांनी मला ऐकवलं होतं, की डॉक्टर, तुम्ही नियम धाब्यावर बसवून जनावरं वाटताय, उद्या एक चावला तर कमिटीला उत्तर कोण देणार? चिंटू तर चावणाराच. तेव्हा या एका बाबतीत कागद पक्का असलेला बरा, असं मी स्वतःला सांगितलं. सवय म्हणा. कागद पूर्ण असला की मला अजूनही बरं वाटतं. ज्यांच्या घरात कागद कधीच पूर्ण नव्हते त्यांना तो रोग जास्त असतो.

"ओनर तिरुपतीला गेलेत," सुजाता म्हणाली. "रविवारी सकाळी येतील. ते हो म्हणतील, मला माहीत आहे."

"मग रविवारी ने."

"शनिवारची मुदत आहे म्हणाला ना तो केनेलवाला?"

"मी साहेबांशी बोलते."

बोलले. शुक्रवारी मी त्यांना फोन केला. पाच जनावरांची सोय झाली, सहाव्याचं घर ठरलंय, फक्त घरमालकाची चिठ्ठी रविवारी येईल. ते म्हणाले, "ठीक आहे डॉक्टर, कागद आला की बघू." मी ठीक आहे एवढंच ऐकलं.

शनिवारी दुपारी एकला मी ब्रूनोला घेऊन निघाले. सिकंदराबादला पोचायलाच दीड तास गेला. नरसिंगरावांनी बैठकीतला दिवाण काढून तिथे गादी टाकून ठेवली होती. सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला फरशीवर झोपवायचं नसतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. "माझे पण गुडघे तसेच आहेत," म्हणाले. मला उपमा खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. मी खाल्ला, ब्रूनोच्या गोळ्या समजावल्या आणि निघाले. त्या दिवशी मला माझं मोठं कौतुक वाटत होतं.

साडेचारला शेल्टरला पोचले. यादय्या फाटकाच्या आत, जमिनीवर बसला होता. मला बघून उठला नाही.

"क्या हुआ?"

"तीन बजे एक डॉक्टर आए. चिंटू को ले गए अंदर."

मी मागच्या ओळीकडे गेले. सहावा पिंजरा धुतलेला होता, फिनाइलचा वास. पाणी अजून वाळलं नव्हतं. पिंजऱ्याच्या दाराला माझ्या गोळ्यांची पिशवी तशीच लटकत होती.

साहेब ऑफिसात होते. मी दार न वाजवता आत गेले.

"पाचची मुदत होती."

"डॉक्टर तीनला फ्री होते."

मी हे वाक्य तेव्हापासून खूपदा ऐकते, घरी, गाडीत, ऑपरेशन करताना. ते शांतपणे बोलले होते. त्यांच्या दृष्टीनं ते कारण होतं.

"त्याचं घर ठरलं होतं. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"अप्रूव्ह झालं होतं का?" त्यांनी ड्रॉवर उघडला आणि माझाच सत्तावीस प्रश्नांचा फॉर्म टेबलावर ठेवला. "तेरावा प्रश्न. ना-हरकत चिठ्ठी जोडल्याशिवाय घर मंजूर धरू नये. हे तुम्ही लिहिलंय, डॉक्टर. मी कुठला नियम मोडला?"

"जो बरा होत होता त्याला असाध्य लिहून मारला. तो कायदा मोडला."

"डॉक्टरांनी तपासून लिहिलंय."

"तो कागद दाखवा."

त्यांनी दाखवला, कारण त्यांना काही चुकीचं वाटतच नव्हतं. असाध्य त्वचारोग, वार्धक्य. खाली सही. मी मोबाइलवर फोटो काढला. सही करणाऱ्यानं त्वचेचा नमुना घेतलेला नव्हता, रक्त घेतलेलं नव्हतं, माझी केस-फाइल उघडलेली नव्हती. ती माझ्या कपाटात कुलपात होती.

रविवारी सकाळी नऊला सुजाता आली. हातात वेताची टोपली, त्यात जुनी चादर घडी करून. दुसऱ्या हातात चिठ्ठी. घरमालकानं तेलुगूत तीन ओळी लिहिल्या होत्या: कुत्रा ठेवण्यास हरकत नाही. माझ्या आईला कुत्र्यांची आवड आहे. दुपारी तिच्याजवळ सोडत जा.

मी तिला सांगितलं. ती रडली नाही. नर्स आहे, रोज बघते. टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "मी गुरुवारीच नेते म्हटलं होतं, मॅडम."

"हो."

"मग का नाही दिला?"

मी तिला फॉर्मचं सांगायला लागले आणि अर्ध्यात थांबले. तिला ते ऐकायचं नव्हतं, आणि मलाही.

सोमवारी मी राज्याच्या व्हेटर्नरी कौन्सिलकडे लेखी तक्रार केली. त्या डॉक्टरच्या सहीच्या कागदाचा फोटो, माझा त्वचेचा रिपोर्ट, गोळ्यांची नोंद आणि यादय्याचा जबाब जोडला. जबाब त्यानं तेलुगूत सांगितला, केतकीनं टाइप केला, त्यानं अंगठ्याशेजारी नावही लिहिलं. त्या डॉक्टरला नोटीस गेली. चौकशी अजून चालू आहे आणि मी प्रत्येक तारखेला जाते. तो समोरच्या बाकावर बसतो आणि माझ्याकडे बघत नाही. सेक्रेटरीसाहेबांनी तीन महिन्यांनी प्रकृतीच्या कारणावरून पद सोडलं. कमिटीनं त्यांना शाल दिली. मी त्या कार्यक्रमाला गेले नाही. केतकी गेली, परत येऊन म्हणाली, "ताई, शाल पण चांगली होती यार." तिच्या आवाजात मी पहिल्यांदा राग ऐकला. बरं वाटलं.

कमिटीपुढे मी दोन गोष्टी मागितल्या आणि लेखी मिळवल्या. एक, मरणाच्या कागदावर दोन डॉक्टरांच्या सह्या आणि सोबत तपासणीचा रिपोर्ट. दोन, नवा फॉर्म. तो मीच केला, या वेळी शाहीन आपांना शेजारी बसवून. एका पानाचा आहे, तेलुगू, हिंदी आणि इंग्लिशमध्ये. डावीकडे घरानं काय करायचं, उजवीकडे शेल्टरनं काय करायचं, खाली दोघांच्या सह्या. शिक्षणाचा रकाना नाही. घरमालकाच्या चिठ्ठीचा नाही. त्याऐवजी आमच्यातलं कोणीतरी दोन दिवसांच्या आत त्या घरी जाऊन चहा पिऊन येतं. घर कळायला तेवढं पुरतं, आणि नाही पुरलं तर पुन्हा जायचं. चार वर्षं मी हे काम कागदाकडून करून घेत होते, कारण कागदाला चालावं लागत नाही.

सुजाता सिस्टरला मी दोन महिन्यांनी फोन केला, एका आंधळ्या स्पिट्झसाठी. उचलेल असं वाटलं नव्हतं. तिनं विचारलं, "आज देणार का?" त्याच दिवशी दिला.

आज आमची अठ्ठावीस जनावरं फॉस्टर घरांत आहेत. त्यातली एकोणीस घरं जुन्या फॉर्मनं नाकारलेली. शेल्टरची मागची ओळ पाडली त्या दिवशी सहाही पिंजरे रिकामे होते. पाच जणांना आम्ही घरी पोचवलं. सहाव्याला घर मिळालं होतं. ते त्याला मी वेळेवर दिलं नाही.